दिनचर्या (आयुर्वेद)

दिनचर्या : निरोगी माणसाने पहाटे उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत पाळावयाच्या नित्यक्रमासंबंधी आयुर्वेदातील विचार. दंतधावन, अभ्यंग, व्यायाम, स्नान, भोजन, निद्रा आणि वर्तन यांचे नियम तीत येतात. ऋतुचर्येसह ती ‘स्वस्थवृत्त’ या शाखेत मोडते.

आधारग्रंथ : दिनचर्येचे नियम चरकसंहितेच्या सूत्रस्थान या विभागात पाचव्या ते आठव्या अध्यायांत विखुरलेले आहेत, तर सुश्रुतसंहितेत ते चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात येतात. ‘दिनचर्या’ या नावाचा स्वतंत्र अध्याय वाग्भटाच्या अष्टांगहृदयात (सूत्रस्थान, अध्याय २) आढळतो. आज घरोघरी सांगितले जाणारे बहुतेक नियम याच अध्यायातून आले आहेत. त्यामुळे वाग्भटाच्या काळाचा प्रश्न इथे टाळता येत नाही.

वाग्भटाचा काळ : अष्टांगसंग्रह आणि अष्टांगहृदय (पुढे ‘संग्रह’ आणि ‘हृदय’) हे दोन्ही ग्रंथ वाग्भटाच्या नावावर आहेत. संग्रहाच्या शेवटी ग्रंथकाराने आपल्या आजाचे नाव वाग्भट, पित्याचे सिंहगुप्त, गुरूचे अवलोकित आणि जन्मभूमी सिंधुदेश अशी माहिती दिली आहे. या दोन ग्रंथांचा कर्ता एकच की दोन, यावर शंभर वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. प्राच्यविद्या अभ्यासक हर्न्ले यांनी दोन वाग्भट मानले. पहिल्याला त्यांनी सातव्या शतकाच्या आरंभी ठेवले, दुसऱ्याला त्याच्या बऱ्याच नंतर. त्यासाठी त्यांनी इ. स. ६७१ ते ६९५ या काळात भारतात आणि आग्नेय आशियात राहिलेल्या इत्सिंग या चिनी प्रवाशाचा आधार घेतला. वैद्यकाची आठ अंगे पूर्वी आठ ग्रंथांत होती, अलीकडे एकाने ती एकत्र केली, असे इत्सिंग लिहितो. मात्र तो ग्रंथकाराचे नाव देत नाही, हे या पुराव्याचे मोठे उणेपण आहे. आयुर्वेदाचे अभ्यासक प्रियव्रत शर्मा यांनीही दोन वाग्भट मानले. पण त्यांच्या मते पहिला सहाव्या शतकातील होय. याउलट हिल्गेनबर्ग आणि किर्फेल यांनी १९४१ मधील हृदयाच्या आपल्या जर्मन अनुवादाच्या निमित्ताने हृदय हाच आधीचा ग्रंथ असावा, असे प्रतिपादन केले. कांद्याच्या गुणवर्णनात संग्रहात शक लोकांचा उल्लेख येतो, तोही कालनिर्णयासाठी वापरला गेला आहे. परंतु असा उल्लेख पुढेही परंपरेने चालू राहू शकतो. दुसऱ्या बाजूने पाहता, तिबेटी भाषांतरकार रिन्छेन झांगपो (९५८–१०५५) यांच्या काळात हृदयाचे तिबेटी भाषांतर झाले होते, म्हणजे ग्रंथाची कीर्ती तोवर हिमालयापार गेली होती. इ. स. ६०० च्या आसपासचा काळ आज सर्वसाधारणपणे स्वीकारला जातो आणि तो उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळतो. कर्त्याच्या एकत्वाचा प्रश्न मात्र खुला ठेवणे बरे.

हृदयावरील टीकांपैकी अरुणदत्ताची सर्वांगसुंदरा (बहुधा बारावे शतक) आणि हेमाद्रीची आयुर्वेदरसायन (तेरावे शतक, उत्तरार्ध) या प्रमुख होत. हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री. धर्मशास्त्रावरील ग्रंथामुळे त्याचे नाव मराठी वाचकाला परिचित असते, वैद्यकातील त्याचे काम तितके परिचित नाही. दोन्ही टीकांसह हा ग्रंथ मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने प्रसिद्ध केला. अण्णा मोरेश्वर कुंटे यांच्या संपादनावर उभी असलेली आणि हरिशास्त्री पराडकरांनी पुढे सिद्ध केलेली १९३९ ची आवृत्ती अभ्यासक अजून हाताशी ठेवतात.

नियम आणि त्यांच्या अटी : पहिलाच नियम ब्राह्म मुहूर्तावर उठण्याचा आहे. रात्रीचा चौदावा, म्हणजे शेवटून दुसरा मुहूर्त असा त्याचा रूढ अर्थ घेतला, तर एक मुहूर्त ४८ मिनिटांचा धरून तो सूर्योदयापूर्वी ९६ ते ४८ मिनिटे या वेळेत पडतो. हृदयात हा नियम ‘स्वस्थ’ माणसासाठी आहे, आणि संग्रहात आदल्या दिवशीचे अन्न पचले की नाही हे पाहून उठावे, असे म्हटले आहे. लोकप्रिय पुस्तकांत वेळ तेवढी उरते आणि ही अट गळून पडते. जागरण झालेल्या किंवा आजारी माणसावर पहाटे उठण्याची सक्ती करणे ग्रंथाला अभिप्रेत नाही.

दातवणासाठी रुई, वड, खैर, करंज, अर्जुन यांच्या काड्या सांगितल्या आहेत. काडी करंगळीच्या टोकाइतकी जाड, सरळ आणि बारा अंगुळे लांब असावी. अजीर्ण, उलटी, दमा, खोकला, ताप, तोंड येणे अशा अवस्थांत दातवण करू नये. अभ्यंग रोज करावा; सर्वांगाला जमले नाही तरी डोके, कान आणि पाय यांना विशेषेकरून तेल लावावे. कफाचा त्रास असणाऱ्याने, अजीर्ण झालेल्याने आणि शोधनचिकित्सा (शरीरशुद्धीचे उपचार) नुकतीच झालेल्याने तो वर्ज्य करावा. स्नानात गरम पाणी मानेखाली हितकर, तेच डोक्यावर घेतल्यास केस आणि डोळे यांचे बळ कमी करते, असे मत आहे.

रोज डोळ्यांत सौवीरांजन घालण्याचा नियमही हृदयाच्या याच अध्यायात आहे. सौवीरांजन म्हणजे नेमके कोणते खनिज, याबद्दल मतभेद आहेत. काहींच्या मते ते अँटिमनीचे सल्फाइड, तर काहींच्या मते शिशाचे. शिसे शरीरात साठते आणि लहान मुलांच्या मेंदूला इजा करते हे आता पक्के ठाऊक असल्याने हा नियम आज पाळू नये. औषधी धूमपानाबद्दलही हेच म्हणावे लागेल.

व्यायाम ‘अर्धशक्ती’ने करावा, असा दंडक आहे, आणि तोही बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यांसाठी, थंडीत आणि वसंतात, इतर ऋतूंत त्याहून कमी. अर्धी शक्ती ओळखायची कशी? सुश्रुताच्या मते व्यायाम करताना श्वास तोंडाने घ्यावा लागू लागला की तेथे थांबावे. काखा, कपाळ, नाक आणि हातापायांचे सांधे यांवर घाम येणे व तोंडाला कोरड पडणे ही टीकापरंपरेत दिलेली आणखी लक्षणे होत. घड्याळाशिवाय वापरता येणारे इतके नेमके माप जुन्या वाङ्मयात क्वचितच सापडते.

आहार : अन्नाचे प्रमाण ज्याच्या त्याच्या अग्नीवर (पचनशक्तीवर) ठरते, हे चरकाचे मूळ सूत्र. पोटाचे विभाग मात्र ग्रंथागणिक बदलतात. चरक (विमानस्थान, अध्याय २) तीन भाग करतो : एक घन अन्नासाठी, एक द्रवासाठी, एक वात-पित्त-कफांसाठी. वाग्भट चार करतो : दोन अन्नासाठी, एक पेयासाठी, एक वायूसाठी मोकळा. दोन्हींचा रोख पोट तुडुंब न भरण्याकडेच आहे.

नित्य खाण्याच्या पदार्थांत साठेसाळीचा तांदूळ, गहू, जव, मूग, आवळा, सैंधव, दूध, तूप, मध आणि जांगल (कोरड्या) प्रदेशातील प्राण्यांचे मांस येते. नित्य न खाण्याच्या यादीत दही, उडीद, वाल, सुकवलेल्या भाज्या आणि मोड आलेली धान्ये (विरूढक) आहेत. मटकीची उसळ आणि ताटातले दही यांवर वाढलेल्या महाराष्ट्रीय वाचकाला हे खटकते. आधुनिक आहारशास्त्राच्या दृष्टीने मोड आणल्याने फायटिक आम्ल घटते, क जीवनसत्त्व वाढते आणि मोड पौष्टिकच ठरतात. ग्रंथाचा आक्षेप रोज खाण्याला आहे, पदार्थाला सरसकट नाही, एवढे ध्यानात घेतले की विरोध बराच सौम्य होतो, पण पूर्ण मिटत नाही.

जेवणानंतरच्या क्रमाविषयी सुश्रुताचे वचन (सूत्रस्थान, अध्याय ४६) मराठी घरांत अजून जिवंत आहे. जेवणाचा शीण जाईपर्यंत राजासारखे बसावे, मग शंभर पावले चालावे आणि डाव्या कुशीवर पडावे. शतपावली आणि वामकुक्षी यांचे मूळ इथे आहे. यातला पहिला भाग, स्वस्थ बसणे, बहुतेक जण विसरतात. कुशीवर पडणे म्हणजे दुपारची झोप असेही नाही. ग्रीष्म वगळता दिवसा झोपणे निरोगी माणसासाठी निषिद्धच मानले आहे.

सवय बदलण्याची रीत (पादांशिक क्रम) : दिनचर्येच्या विवेचनात हा भाग हमखास वगळला जातो, आणि तोच सर्वांत उपयोगाचा आहे. अहितकर सवय एकदम सोडू नये व हितकर सवय एकदम धरू नये, असे चरक सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगतो. अपथ्य असले तरी अंगवळणी पडलेले एकाएकी सोडल्यास विकार होतो, पथ्याचा अतिरेकी आरंभही तसाच, अशी वाग्भटाची पुस्ती आहे. बदल ‘पादांशाने’ करावा. पादांश म्हणजे चतुर्थांश की चतुर्थांशाचा चतुर्थांश, म्हणजे सोळावा भाग, यावर टीकाकारांत चर्चा आहे. वाग्भट दोन्ही पर्याय स्पष्टपणे देतो (पादेन किंवा पादपादेन), म्हणून माणसाची प्रकृती आणि सवयीची खोली पाहून निवड करावी, हा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो. टप्प्यांमध्ये एक, दोन आणि तीन दिवसांचे ‘अंतर’ सांगितले आहे. त्याचा अर्थ नव्या टप्प्यावर तितके दिवस स्थिर राहणे असा घेतला, तर चार चमचे साखरेचा चहा घेणाऱ्याने पहिल्या दिवशी तीन चमचे, पुढचे दोन दिवस दोन, त्यापुढचे तीन दिवस एक आणि सातव्या दिवशी बिनसाखरेचा चहा घ्यावा. मधल्या दिवसांत जुन्या प्रमाणाकडे परतावे, असाही अर्थ लावता येतो. मग कालावधी लांबतो.

मनःस्वास्थ्य : सूत्रस्थानाच्या याच सातव्या अध्यायात चरकाने तेरा नैसर्गिक वेग अडवू नयेत असे म्हटले आहे. मल-मूत्र, शिंक, जांभई, भूक, तहान यांबरोबर अश्रू, झोप आणि श्रमाने लागलेली धापही त्यांत येतात. लोभ, शोक, भय, क्रोध, मत्सर यांचे वेग मात्र आवरावेत. रडू दाबू नये, पण शोकाला वाहून जाऊ देऊ नये, हा भेद फार सूक्ष्म आहे. ‘माझे दिवस-रात्र कसे चालले आहेत’ याचे जो रोज स्मरण ठेवतो तो दुःखाचा धनी होत नाही, असे वाग्भट दिनचर्येच्या अखेरीस लिहितो.

सद्यःस्थिती : स्वस्थवृत्त हा विषय आयुर्वेदाच्या पदवी अभ्यासक्रमात शिकवला जातो. एकेका उपचाराचे, उदा. तेलाच्या गुळण्यांचे, छोटे प्रयोग झाले आहेत. त्यांवरून संपूर्ण दिनचर्येविषयी अनुमान काढता येत नाही. महाराष्ट्रात रोजचा अभ्यंग जवळजवळ नाहीसा झाला असून तान्ह्या बाळाची आणि बाळंतिणीची मालिश, तसेच नरकचतुर्दशीचे तेल-उटणे या रूपांत तो टिकून आहे.