पाच चॅनलांचं जुनं धूड: होम थिएटरच्या पॉवर अ‍ॅम्पची पार्श्वभूमी

होम थिएटरच्या जुन्या सामानात एका वस्तूला पंचवीस वर्षांनीही गिऱ्हाईक मिळतं. १९९८ सालचा डॉल्बी डिजिटल प्रोसेसर, म्हणजे डिस्कवरचा आवाज उलगडून एकेका स्पीकरच्या चॅनलात वाटणारी पेटी, आज भंगाराच्या भावातही कोणी उचलत नाही. त्याच रॅकमधला, त्याच वर्षी घेतलेला पाच स्पीकरांना जोर देणारा, पाच चॅनलांचा पॉवर अ‍ॅम्प मात्र उचलायला दोन माणसं लागत असूनही लोक शोधत येतात. अ‍ॅम्पचा आवाज चांगला असतोच, पण खरं कारण तो मुळात वेगळ्या पेटीत का आला यात दडलेलं आहे.

घरात दोनपेक्षा जास्त स्पीकर लावण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९७०च्या दशकातला, चार चॅनलांच्या क्वाड्राफोनिकचा. सीबीएसची एसक्यू, सान्सुईची क्यूएस आणि जेव्हीसीची सीडी-४ या पद्धती एकाच वेळी बाजारात आल्या आणि एकीची रेकॉर्ड दुसरीच्या डिकोडरवर धड वाजेना. दशक संपायच्या आत सगळं गुंडाळलं गेलं.

मल्टिचॅनल परत आलं ते सिनेमाच्या मागून. चित्रपटगृहांतल्या डॉल्बी स्टिरिओची घरगुती आवृत्ती, डॉल्बी सराउंड, १९८२ साली आली. १९८७च्या प्रो लॉजिकने मधला, संवादांचा चॅनल दिला. त्याआधी १९८६ मध्ये यामाहाने डीएसपी-१ काढला. मोठमोठ्या सभागृहांत घेतलेल्या मोजमापांवरून तो घरात त्या सभागृहांचा घुमारा तयार करी, पण त्याला स्वतःचा अ‍ॅम्प नव्हता. जास्तीच्या स्पीकरसाठी वेगळे अ‍ॅम्प आणावे लागत. विचार करणारी पेटी वेगळी आणि जोर लावणारी वेगळी, हा घाट तेव्हापासून रुळत गेला.

तरीही पाचही चॅनलांना सारखा जोर द्यायची गरज अजून नव्हती. प्रो लॉजिकचा मागचा चॅनल मोनो आणि ७ किलोहर्ट्झच्या वरचे स्वर कापलेला. त्याला वीस-तीस वॅटचा छोटा अ‍ॅम्प पुरे. चित्र पालटलं ते डिजिटलने. चित्रपटगृहांत १९९२ साली डॉल्बी डिजिटल आणि १९९३ साली डीटीएस आलं. १९९५ मध्ये डॉल्बी डिजिटल लेझरडिस्कवर उतरलं आणि १९९७ मध्ये अमेरिकेत डीव्हीडी विकायला लागली. आता मागचे दोन चॅनल स्वतंत्र आणि पूर्ण पट्ट्याचे झाले. स्फोट मागून झाला तर मागच्या स्पीकरलाही पुढच्याइतकाच जोर हवा. पाच सारख्या चॅनलांची एकच पेटी ही या गरजेतून आलेली वस्तू आहे.

तिला शिस्त लावली टीएचएक्सने. लुकासफिल्ममध्ये टॉमलिन्सन हॉलमन यांनी १९८३ मध्ये हे मानांकन चित्रपटगृहांसाठी सुरू केलं. नव्वदीच्या सुरुवातीला ते घरगुती उपकरणांवर आलं. त्यातला एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो: अ‍ॅम्पचा गेन २९ डेसिबल. म्हणजे आत १ व्होल्ट गेला की बाहेर सुमारे २८ व्होल्ट, आणि ८ ओहमच्या स्पीकरला १०० वॅट. एका कंपनीचा प्रोसेसर दुसऱ्या कंपनीच्या अ‍ॅम्पला जोडताना जे कोडं पडतं, ते या एका आकड्याने बरंचसं सोडवलं.

मग नव्वदीच्या उत्तरार्धात या धुडांची रांग लागली. रोटेलचा आरबी-९८५ पाच चॅनलांना शंभर-शंभर वॅट देई. पॅरासाउंडच्या एचसीए-२२०५एची कारागिरी जॉन कर्ल यांची. कॅनडातल्या ब्रायस्टनच्या ९बीमध्ये पाच स्वतंत्र मॉड्युलं, प्रत्येकाचा पॉवर सप्लाय वेगळा, आणि वर वीस वर्षांची वॉरंटी. बॉब कार्व्हर यांच्या सनफायर सिनेमा ग्रँडने निराळीच वाट धरली: आतल्या पुरवठ्याचा व्होल्टेज संगीताबरोबर खालीवर होई, आउटपुटच्या नेहमी जेमतेम ६ व्होल्ट वर. त्यामुळे पाच गुणिले दोनशे वॅट असूनही अंगावर उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या मोठाल्या पाती नाहीत.

हे आकडे रिसीव्हरच्या (प्रोसेसर आणि अ‍ॅम्प एकाच पेटीत) खोक्यावरच्या आकड्यांच्या जातीचे नव्हेत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये वॅट कसे मोजावेत याचा नियम केला, पण तो स्टिरिओच्या काळातला. पाच-सात चॅनलांच्या रिसीव्हरवर ‘१०० वॅट’ लिहिताना बहुतेकांनी दोनच चॅनल चालवून मोजलं. सगळे एकदम चालवले की आकडा निम्म्यावरही येई. २०२४ साली नियमात मल्टिचॅनलचा स्पष्ट उल्लेख आला, तोही पुढच्या दोन चॅनलांपुरताच.

यानंतर प्रोसेसरांची वाताहत सुरू झाली. आधी ६.१, ७.१ असे वाढते चॅनल, २००२ मध्ये एचडीएमआय, २००६ मध्ये ब्लू-रे आणि त्याचे नवे फॉरमॅट, २०१४ मध्ये छतालाही स्पीकर मागणारं घरगुती अ‍ॅटमॉस. दर वेळी रॅकमधलं डोकं बदललं. पॉवर अ‍ॅम्पला या कशाचाच पत्ता नसतो. आरसीए किंवा एक्सएलआर केबलमधून व्होल्टेज आला की तो मोठा करून स्पीकरला द्यायचा, एवढंच त्याचं काम. आजच्या मध्यम रिसीव्हरला प्री-आउट (बाहेरच्या अ‍ॅम्पकडे सिग्नल नेणारी जोडणी) असले की पुढचे तीन चॅनल या जुन्या गड्याकडे सोपवून छताचे स्पीकर रिसीव्हरवर ठेवता येतात.

संगीताला तर याचा आणखी फायदा. भीमसेनांची मैफल ऐकताना दोनच चॅनल चालू. जिथे ट्रान्सफॉर्मर सामाईक आहे, तिथे पाच जणांसाठी बांधलेला सगळा साठा त्या दोघांना मोकळा मिळतो. ब्रायस्टनसारख्या वेगळ्या मॉड्युलांत हा लाभ नाही, पण एक मॉड्युल गेलं तर बाकीचे चार चालू राहतात.

वय मात्र दिसतं. झाकण उघडलं की आधी पाहायचे ते डब्यांएवढे फिल्टर कपॅसिटर: माथा फुगलाय का, बुडाशी चिकट ओघळ आहे का. स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या रिलेचे संपर्क काळवंडले की एक चॅनल हळू आवाजात गायब होतो आणि आवाज वाढवला की परत येतो. मल्टिमीटर डीसीवर ठेवून स्पीकर टर्मिनलला लावावा. काही मिलिव्होल्ट ठीक, पण अर्धा-एक व्होल्ट दिसला तर स्पीकर जोडूच नये. कपॅसिटर-रिले मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला मिळून जातात. त्या काळचे आउटपुट ट्रान्झिस्टर अस्सल मिळवणं कठीण, नकलांचा सुळसुळाट आहे.

अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाबरोबर मागवणाऱ्यांनी वजनाआधी विजेचा विचार करावा. तिकडचं घरगुती सर्किट १२० व्होल्ट, १५ अँपियर, म्हणजे १८०० वॅट. पाच गुणिले दोनशेचा क्लास एबी अ‍ॅम्प पूर्ण जोरात त्यातले दीड-पावणेदोन हजार खातो. आपल्याकडे १६ अँपियरच्या पॉवर प्लगवर ही अडचण नाही. प्रश्न व्होल्टेजचा. काही अ‍ॅम्पच्या टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरला दोन प्रायमरी (विजेच्या बाजूची वेटोळी) असतात आणि जोडणी बदलून तो २३० व्होल्टवर आणता येतो. ज्यांना ती सोय नाही, त्यांना २००० व्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो बऱ्याचदा अ‍ॅम्पपेक्षा जास्त घरघरतो.