सिकलसेल: एक जनुक कसं काम करतं आणि पुढच्या पिढीत कसं जातं

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. लाल पेशींमधलं हिमोग्लोबिन बनवणाऱ्या एका जनुकात एकच अक्षर बदललेलं असतं, आणि असं बदललेलं जनुक आई आणि वडील दोघांकडूनही आलं तरच हा आजार होतो. एकाकडूनच आलं तर तो माणूस फक्त वाहक असतो आणि वाहक आजारी नसतो. हे शेवटचं वाक्य परत एकदा वाचा, कारण विदर्भात आणि नंदुरबारकडे सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, वाहक मुलीचं लग्न मोडतं, वाहक मुलाला घरचे उन्हात खेळू देत नाहीत, आणि खरा रुग्ण मात्र "रक्त कमी आहे" म्हणून वर्षानुवर्षं नुसत्या लोहाच्या गोळ्या खात राहतो.

जनुक म्हणजे काय हे समजून घ्यायला सिकलसेलइतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही असं मला वाटतं. उंची, रंग, बुद्धी यांच्या मागे शेकडो जनुकं असतात, त्यात खाणंपिणं आणि परिस्थिती मिसळते, आणि मग कशामुळे काय झालं ते सांगता येत नाही. इथे मात्र एक जनुक, त्यात एक अक्षर, आणि त्यापासून थेट माणसाच्या दुखण्यापर्यंतची सगळी साखळी दिसते.

एका अक्षराने काय होतं

आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात, प्रत्येक जोडीतलं एक आईकडचं आणि एक वडिलांकडचं. त्यावर डीएनए आहे, चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला, ए, टी, जी आणि सी, आणि एका संचात अशी साधारण 300 कोटी अक्षरं आहेत. त्यातला जो तुकडा एखादं प्रथिन कसं बनवायचं ते सांगतो त्याला जनुक म्हणायचं, अशी जवळपास 20 हजार जनुकं माणसात आहेत. हिमोग्लोबिनची बीटा साखळी बनवणारं जनुक 11 नंबरच्या गुणसूत्रावर आहे. ते शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं, डोळ्यात, यकृतात, कातडीत, पण तिथे ते बंद असतं. चालू होतं ते फक्त हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोमध्ये, जिथे लाल पेशी तयार होतात. तिथे डीएनएवरून आरएनएची नक्कल निघते आणि पेशीतला रायबोसोम ती नक्कल तीन-तीन अक्षरांनी वाचत एकेक अमिनो आम्ल जोडत जातो, माळेत मणी ओवावे तसा. बीटा साखळीच्या माळेत 146 मणी असतात.

नेहमीच्या जनुकात सहाव्या मण्यासाठी जीएजी असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ ग्लुटामिक आम्ल. सिकलच्या जनुकात तिथे जीटीजी असतं, मधलं ए जाऊन टी आलेलं, आणि त्याचा अर्थ होतो व्हॅलिन. बाकी 145 मणी जिथल्या तिथे. पण ग्लुटामिक आम्लाला पाणी आवडतं आणि व्हॅलिन पाण्यापासून अंग चोरतं, त्यामुळे हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की हा व्हॅलिन शेजारच्या हिमोग्लोबिनच्या एका खोबणीत जाऊन बसतो, त्याचा तिसऱ्यात, तिसऱ्याचा चौथ्यात, असं करत लांबच लांब ताठ दोरे तयार होतात. मऊ आणि गोल असलेली लाल पेशी त्या दोऱ्यांनी आतून ताणली जाते आणि विळ्यासारखी वाकडी होते. सिकल म्हणजे विळा, नाव तिथून आलं.

नेहमीची लाल पेशी 120 दिवस जगते, विळा झालेली 10 ते 20 दिवसांत मरते. म्हणून रक्त कमी, आणि पेशी मोठ्या संख्येने फुटतात म्हणून डोळे पिवळे, ज्याला लोक कावीळ समजून झाडपाल्याला नेतात. आणि या ताठ पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की पुढे रक्तच जात नाही, मग हाडं, सांधे, पोट, छाती असह्य दुखते. याला क्रायसिस म्हणतात. लहान बाळाचे हातपाय सुजणं हे पुष्कळदा पहिलं लक्षण असतं. प्लीहा, जिला जुनी माणसं पाणथरी म्हणतात, ती आधी सुजते आणि पुढे निकामी होते, मग साधं इन्फेक्शनही जिवावर बेततं. एका अक्षराने प्लीहा, हाडं, फुप्फुसं, डोळे, मेंदू, सगळीकडे त्रास होतो, म्हणजे एका जनुकाचं काम एकाच जागी असलं तरी परिणाम तिथेच थांबतो असं नाही.

आणखी एक गोष्ट. जन्मल्याबरोबर ही बाळं ठणठणीत असतात. कारण पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात बीटाच्या जागी गॅमा साखळी असते, तिची जनुकं त्याच 11 नंबरच्या गुणसूत्रावर बीटाच्या शेजारी असतात. जन्मानंतर हळूहळू गॅमा बंद होते आणि बीटा चालू होते, आणि साधारण सहा महिन्यांनी त्रास दिसायला लागतो. म्हणजे जनुक असणं वेगळं आणि ते चालू असणं वेगळं. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी उपचारात हीच कामाला येते.

शोध कसा लागला

1910 साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या, दंतवैद्यकी शिकणाऱ्या एका तरुणाच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी दिसल्याचं पहिल्यांदा छापलं. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की रुग्णाचं हिमोग्लोबिन विजेच्या प्रवाहात वेगळ्या वेगाने सरकतं, म्हणजे आजार रेणूतच आहे. एखाद्या आजाराला रेणूचा आजार म्हणण्याची ही पहिली वेळ. त्यांना वाहकांच्या रक्तात दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन सापडलं. मग 1956-57 मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमका एक मणी बदललाय हे पकडलं. भारतात 1952 साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये सिकलसेल सापडला, आणि त्या दशकाच्या शेवटी नागपूरकडूनही नोंदी आल्या.

पुढच्या पिढीत कसं जातं

इथे लोकांची भाषाच वापरतो. विदर्भात कोणी "मी सिकलसेलचा वाहक आहे" असं फारसं म्हणत नाही, "माझा एएस पॅटर्न आहे" म्हणतात. ए म्हणजे नेहमीचं जनुक, एस म्हणजे सिकलचं. एए म्हणजे नॉर्मल, एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण.

स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकच गुणसूत्र पुढे जातं आणि कुठलं जाईल ते कोणाच्या हातात नसतं. एएस आईच्या प्रत्येक बीजात ए किंवा एस यापैकी एकच, निम्मी निम्मी शक्यता. वडील पण एएस असतील तर त्यांचंही तसंच. दोन नाणी एकदम उडवल्यासारखं, दोन्हीकडून एस पडायची शक्यता चारात एक. म्हणजे 25 टक्के एसएस, 50 टक्के एएस, 25 टक्के एए.

पण याचा अर्थ "चार मुलांतलं एक आजारी" असा लोक घेतात आणि तो चुकीचा आहे. पहिलं मूल एसएस झालं, आता पुढची तीन सुटली, असं नाही होत, नाण्याला आधीचं काही आठवत नसतं. प्रत्येक गरोदरपणात पुन्हा नव्याने तेच 25 टक्के. एखाद्या घरात तिन्ही मुलं एसएस असतात आणि एखाद्या घरात पाचातलं एकही नसतं, आणि दोन्हीकडचे आईबाप एएसच असतात.

बाकीच्या जोड्या पटकन सांगतो. एएस आणि एए यांचं एकही मूल एसएस होत नाही, निम्म्या शक्यतेने वाहक होतं. एसएस आणि एए यांची सगळी मुलं वाहक, रुग्ण कोणी नाही. एएस आणि एसएस असेल तर प्रत्येक वेळी 50 टक्के एसएस. आणि एक सुटून जाणारी बाब, एक जण एएस आणि जोडीदार एएस नसून बीटा थॅलेसेमियाचा, म्हणजे बीटा साखळी कमी बनण्याच्या आनुवंशिक आजाराचा, वाहक असेल तरी सिकल-थॅलेसेमिया होऊ शकतो, त्याचीही शक्यता चारात एक, म्हणून नुसती सिकलची साधी टेस्ट करून निश्चिंत होऊ नये.

हे जनुक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर नाही, त्यामुळे मुलगा-मुलगी दोघांना सारखंच येतं. आणि एसएस मूल म्हणजे एक एस आईचं आणि एक एस वडिलांचं, दुसरा हिशोब नाही. तरीही पोराला क्रायसिस आला की दोष सुनेच्या माथी मारतात, "हिनेच खोट आणली" म्हणतात, आणि ती बाई गपचूप ऐकून घेते. ज्या घरात हे बोललं जातं त्या घरातला मुलगा, म्हणजे तिचा नवराही, तितकाच वाहक असतो हे कोणीतरी त्या घरात बसून सांगायला हवं.

जनुक पिढ्यांमागून पिढ्या पातळ होत नाही, हेही नीट समजून घ्यावं. दुधात पाणी घातल्यासारखं रक्त मिसळतं असं जुन्या काळी जगभर मानायचे. ग्रेगोर मेंडेल यांनी 1856 पासून ब्रनो इथल्या मठाच्या बागेत वाटाण्याची हजारो रोपं वाढवून 1865 मध्ये दाखवलं की गुण अख्ख्या एककांनी जातात, एका पिढीत दडतात आणि पुढच्या पिढीत जसेच्या तसे वर येतात. पणजोबांकडून आलेला एस चार पिढ्या कुणाला कळलाही नसेल, पण तो आला तर पूर्ण येतो. म्हणूनच "आमच्या घरात कधीच कोणाला नव्हता" हे म्हणणं खरं असूनही दोघं नवराबायको एएस असू शकतात.

पुस्तकात सिकलसेलला अप्रभावी म्हणजे रिसेसिव्ह आजार म्हणतात. आजारापुरतं ते बरोबर आहे. पण एएस माणसाचं रक्त तपासलं तर दोन्ही हिमोग्लोबिन दिसतात, साधारण 35 ते 40 टक्के एस आणि बाकी बहुतेक ए, म्हणजे दोन्ही जनुकं काम करतायत, कोणी कोणाला दाबत नाही. प्रभावी-अप्रभावी हे तुम्ही कुठल्या पातळीवर बघता त्यावर ठरतं, शाळेत हे सांगत नाहीत म्हणून इथे लिहून ठेवलं.

हे जनुक टिकलं कसं

इतकं घातक जनुक नाहीसं व्हायला हवं होतं. 1954 साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासावरून उत्तर दिलं: फाल्सिपेरम या मलेरियाच्या सगळ्यात घातक प्रकाराने मरण्यापासून एएस माणसांना बरंच संरक्षण मिळतं. एए मलेरियाने जायचे, एसएस सिकलसेलने जायचे, एएस जगायचे आणि त्यांची मुलंबाळं वाढायची. म्हणून जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता तिथेच सिकलसेल जास्त, आफ्रिका, अरबस्तान, मध्य भारत. आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट आणि सातपुड्यातला नंदुरबार हा तो पट्टा. भिल्ल, पावरा, गोंड, माडिया या आदिवासी समाजांबरोबरच विदर्भातल्या काही अनुसूचित जाती आणि ओबीसी समाजांतही तो आहे, फक्त आदिवासींचा आजार म्हणणं चूक आहे.

लग्नं समाजातल्या समाजात होतात त्यामुळे एस आतल्या आत फिरत राहतो. समजा एखाद्या समाजात पाचात एक वाहक आहे, तर 25 जोडप्यांमागे एक जोडपं दोघंही वाहक निघेल आणि जन्मणाऱ्या शंभरात एक मूल एसएस असेल. मामाच्या मुलीशी लग्न केलं तर आजी किंवा आजोबांचा एकच एस दोन्ही बाजूंनी येऊन भेटायची शक्यता आणखी वाढते.

तपासणी आणि उपचार

पहिली तपासणी अगदी साधी आहे, आश्रमशाळेत किंवा पीएचसीत आशाताईंच्या मदतीने होते. बोट टोचून रक्ताचा थेंब औषधाच्या नळीत टाकतात, हलवतात, काही मिनिटं थांबतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर एस नाही. पाणी गढूळ होऊन रेघा पुसल्यासारख्या झाल्या तर एस आहे. पण एएस की एसएस ते ही नळी सांगत नाही, त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी करावीच लागते. पहिल्या टेस्टवरून घाबरून घरी निघून जाणारी खूप माणसं असतात, त्यांना दुसऱ्या टेस्टपर्यंत नेणं हेच खरं काम. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही नळी चालत नाही, कारण वर सांगितलेलं गॅमावालं हिमोग्लोबिन.

1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं, 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन असं त्याचं लक्ष्य आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही सिकलसेल धरलेला आहे.

रुग्णाने भरपूर पाणी पिणं, थंडी आणि अतिश्रम टाळणं, फॉलिक अ‍ॅसिड घेणं, न्यूमोकोकलची लस, लहानपणी पेनिसिलिन, आणि ताप आला तर थांबून न राहता दवाखाना गाठणं, एवढ्यानेही आयुष्य वाढतं. हायड्रॉक्सियुरिया ही गोळी बंद पडलेलं गॅमा हिमोग्लोबिन थोडं परत वाढवते आणि क्रायसिस कमी करते. मात्र ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रक्त तपासत राहूनच घ्यावी लागते. दोघं एएस असतील तर गरोदरपणाच्या दहाव्या-अकराव्या आठवड्यापासून गर्भाची तपासणी करता येते, पण लग्नाआधीच टेस्ट झालेली असली तर विचार करायला वेळ मिळतो.

2023 च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत क्रिस्पर, म्हणजे डीएनए हव्या त्या जागी कापायचं तंत्र, वापरून केलेल्या उपचाराला परवानगी मिळाली. त्यात रुग्णाच्याच मगजातल्या मूळ पेशी काढतात, गॅमा बंद ठेवणाऱ्या बीसीएल11ए या जनुकाचं नियंत्रण तोडतात, आणि त्या पेशी परत सोडतात. एस तसाच राहतो, फक्त गॅमा पुन्हा चालू होते. अमेरिकेत याची किंमत 22 लाख डॉलर आहे, म्हणजे नंदुरबारमधल्या धडगावच्या मुलापर्यंत ते कधी पोचेल कोण जाणे. आणि बदल होतो तो फक्त मगजातल्या पेशींत, स्त्रीबीजात किंवा शुक्राणूत नाही, त्यामुळे असा उपचार होऊन पूर्ण बरी झालेली मुलगीही आपल्या प्रत्येक बाळाला एक एस देणारच, आणि लग्न ठरवताना समोरच्याचा पॅटर्न तिला तेव्हाही विचारावाच लागेल.