बांधावरचा बांबू तोडायला वनखात्याची परवानगी लागत नाही

इंदूरच्या आपल्या मराठी घरांपैकी बऱ्याच जणांची सांवेर, महू, देवासकडे थोडीफार शेती आहे, आणि बांबूचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं: "लावू नका हो, तोडताना वनखातं पकडतं." या भीतीपायी कित्येक बांध रिकामे पडलेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भीतीला एके काळी आधार होता. 1927 च्या भारतीय वन अधिनियमात झाडाच्या व्याख्येतच बांबू होता. 2017 च्या दुरुस्तीने तो वगळला. तेव्हापासून खासगी, वनेतर जमिनीवरच्या बांबूला या कायद्याखाली तोडीचा किंवा वाहतुकीचा परवाना लागत नाही. वनजमिनीवरचा बांबू मात्र वनोपजच आहे. म्हणून गाडी भरताना खसऱ्याची, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीची, नक्कल सोबत असू द्या. माल कुठला, हा प्रश्न रस्त्यात येऊ शकतो. सागवानाला ही सूट लावू नका, त्याचे नियम वेगळे आहेत.

खरी काळजी घ्यायची ती तोडताना. बांबूचं अख्खं बेट सरसकट कापू नका. तीन वर्षांपुढच्या पक्व काठ्याच काढा, यंदाचे कोंब आणि गेल्या वर्षीच्या काठ्या राखा. नवे कोंब त्यांच्याच जोरावर येतात. जमिनीलगतच्या पहिल्या पेराच्या वर, पाणी साचणार नाही असा काप द्या. पावसाळ्यात कोयता बाजूलाच ठेवा, तेव्हा कोंब फुटत असतात. तोड हिवाळ्यात करा.