चौदावी घटनादुरुस्ती आणि थॅडियस स्टीव्हन्स नावाचा खडूस म्हातारा

जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्पने अमेरिकेत जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वावर मर्यादा घालणारी ऑर्डर काढली, त्यात एच-वन-बी व्हिसावाल्यांची मुलंही येत होती, त्यामुळे तिकडच्या बऱ्याच मराठी घरांना हे नागरिकत्व देणारी अमेरिकी घटनेची चौदावी दुरुस्ती एकदम जवळची वाटायला लागली. आता ही दुरुस्ती एकट्या कुणाची नाही. नागरिकत्वाचं वाक्य सिनेटर जेकब हॉवर्डने घातलं, सगळ्यांना कायद्याचं समान संरक्षण हा भाग मुख्यतः जॉन बिंगहॅमचा, पण १८६६ मध्ये खालच्या सभागृहात ती रेटून नेली थॅडियस स्टीव्हन्सने, आणि त्याला स्वतःला ती अर्धवटच वाटत होती. तसं तो भाषणात बोललाही, की मी माणसांत राहतो, देवदूतांत नाही, म्हणून ही स्वीकारतोय.

हा जन्मला १७९२ ला व्हरमॉन्टमधल्या डॅनव्हिल गावात, पाय जन्मतः वाकडा, घरची गरिबी, बाप घर सोडून गेलेला, आईने कष्ट करून शिकवलं. डार्टमथ कॉलेज करून पेनसिल्वेनियात आला आणि गेटिसबर्गला वकिली सुरू केली. त्याच्या चाहत्यांना अडचणीची वाटणारी केस इथलीच. १८२१ मध्ये चॅरिटी बटलर नावाच्या गुलाम बाईने स्वातंत्र्य मागितलं, कारण राज्याच्या कायद्याप्रमाणे मालकाने गुलामाला तिथे सहा महिने ठेवलं की तो मोकळा, आणि स्टीव्हन्स उभा राहिला मालकाच्या बाजूने! सहा महिने सलग भरले नाहीत या मुद्द्यावर तो जिंकला, बाई आणि तिची मुलं परत गुलामीत गेली. त्या निकालानेच तो बदलला का, हे सिद्ध करता येत नाही, पण दोनच वर्षांनी तो गुलामीविरुद्ध जाहीर बोलायला लागला आणि पुढे पळून आलेल्या गुलामांच्या केसेस लढवल्या.

राज्याच्या विधिमंडळात असताना १८३५ मध्ये त्याने मोफत शाळांचा कायदा वाचवला. टॅक्स वाढतो म्हणून लोक तो रद्द करायला निघाले होते, याच्या एका भाषणाने वारं फिरलं. नंतर काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, मग यादवी युद्धात वेज अँड मीन्स कमिटीचा चेअरमन, म्हणजे युद्धाचा पैसा उभा करायची जबाबदारी, इन्कम टॅक्स आणि ग्रीनबॅक नावाच्या सरकारी कागदी नोटा याच काळातल्या. गुलामीसाठी फुटून निघालेल्या दक्षिणेच्या राज्यांच्या सैन्याचा त्याच्यावर किती राग होता बघा, १८६३ ला गेटिसबर्गच्या लढाईच्या थोडं आधी त्यांनी वाट काढून त्याचा कॅलेडोनियाचा लोखंडाचा कारखाना जाळला. जीभ तर अशी की लिंकनने पेनसिल्वेनियाचाच पुढारी सायमन कॅमेरॉन याच्या प्रामाणिकपणाबद्दल विचारलं तेव्हा हा म्हणाला म्हणे, तापून लाल झालेला स्टोव्ह काही तो चोरणार नाही. कॅमेरॉन चिडला, तर म्हणे, बरं, ते वाक्य मी मागे घेतो.

पण माझ्या मते त्याची खरी लढाई जमिनीची होती, आणि ती तो हरला. सप्टेंबर १८६५ मध्ये लँकेस्टरच्या भाषणात त्याने हिशोबच मांडला, की दक्षिणेतल्या सगळ्यात श्रीमंत साधारण ७० हजार जमीनदारांची जमीन जप्त करा, मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला ४० एकर द्या, उरलेली विकून युद्धाचं कर्ज आणि पेन्शनी भागवा. आपल्याकडे 'कसेल त्याची जमीन' म्हणतात ना, जवळपास तेच. नुसता मताचा हक्क देऊन पोटासाठी जुन्या मालकाच्याच दारात उभं केलं तर ते स्वातंत्र्य कसलं, हा त्याचा मुद्दा. उत्तरेतले त्याच्याच रिपब्लिकन पक्षाचे लोक बिचकले, खाजगी मालमत्तेला हात कसा लावायचा, आणि कापूस पिकला नाही तर गिरण्यांचं काय. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने तर माफीपत्रं वाटून जप्त जमिनीही जुन्या मालकांना परत दिल्या. १८६७ ला स्टीव्हन्सने बिल आणलं, ते तसंच विरलं. नंतर बहुतेक काळ्या कुटुंबांनी दुसऱ्याची जमीन वाट्याने कसली, कर्जात अडकली, आणि मताचा हक्कही पुढे दक्षिणेत कागदावरच राहिला.

जॉन्सनवरच्या महाभियोगात तो पुढे होता, पण तब्येत इतकी ढासळलेली की त्याला खुर्चीत बसवून उचलून न्यायचे. मे १८६८ मध्ये सिनेटमध्ये ३५ विरुद्ध १९, पण दोषी ठरवायला दोन तृतीयांश मतं लागतात, त्यात फक्त एक मत कमी पडलं. जुलैत चौदावी दुरुस्ती लागू झाली आणि ११ ऑगस्टला हा गेला. पक्षाने त्याच्या जिल्ह्यात मेलेल्या माणसालाच पुन्हा उमेदवारी दिली. पुरायला जागाही त्याने मुद्दाम लँकेस्टरमधली अशी निवडली होती जिथे वंश बघत नव्हते, आणि कारण थडग्यावर कोरून घेतलं.

पुढची कित्येक दशकं त्याचं चित्र सूडाने पेटलेला माणूस असंच रंगवलं गेलं, त्यात त्याची घरव्यवस्था बघणाऱ्या लिडिया हॅमिल्टन स्मिथ या मिश्रवंशीय बाईवरून भरपूर कुजबुज. त्यांचं नातं काय होतं ते लोक आजही वाद घालतात, घालोत बापडे. लिडियाबाईंनी मात्र मृत्युपत्रातून पैसे मिळाल्यावर त्याचं लँकेस्टरचं घर विकत घेतलं आणि वॉशिंग्टनमध्ये स्वतःचं बोर्डिंग हाउस चालवलं.