सुगरणीचा खोपा विणतो कोण?

खान्देशात मळ्यातल्या विहिरीवर, बाभळीला लोंबणारे खोपे दाखवून मोठी माणसं हमखास सांगतात: बघा, मादी पिलांसाठी कसा बंगला विणते! बहिणाबाईंच्या ओवीनं हे चित्र घरोघरी पक्कं केलं. प्रत्यक्षात विणकर असतो नर. पावसाळ्यात त्याचं डोकं पिवळंधमक होतं, मादी चिमणीसारखी तपकिरीच राहते. बांधावरूनही ओळखता येतं.

नर गवताच्या किंवा शिंदीच्या पात्याला चोचीनं खाच पाडतो, लांब पट्टी ओढून काढतो आणि गाठी मारत, गुंफत जातो. खोपा अर्धा, शिरस्त्राणाच्या आकाराचा झाला की तिथंच लटकून पंख फडफडवतो. मग माद्या तपासणीला येतात. एखादीला पसंत पडला तर नळीसारखं दार पुरं होतं; नाहीतर काम अर्धवटच लोंबत राहतं. पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी 1930 मध्ये अलिबागजवळच्या किहीमला हे सगळं बारकाईनं टिपलं. एक मादी घरात आली की हा पठ्ठ्या दुसरीसाठी नवा खोपा विणायला घेतो! आईच्या मायेपुरती मात्र ओवी खरीच: अंडी मादीच उबवते.

काजवे चिकटवून आत उजेड करतात, ही तर निव्वळ दंतकथा. आत चिखलाचे गोळे असतात खरे. वाऱ्यात खोपा फार हेलकावू नये म्हणून, असा एक कयास आहे.

आणि दिवाणखान्यात टांगायला ‘रिकामे’ खोपे तोडून आणता ना? त्या जुन्या खोप्यांत मुनिया हे चिमुकले पक्षी अंडी घालतात.