कुत्री किती, यापेक्षा टोचलेली किती?

गोव्यात जाळी घेतलेलं पथक सकाळी वाड्यावर पोहोचतं. एक जण कुत्र्यावर जाळं टाकतो, दुसरा जाळीतूनच रेबीजची लस टोचतो, अंगावर रंगाचा पट्टा ओढतो, मोबाईलवर नोंद करतो आणि कुत्र्याला तिथल्या तिथं सोडून देतो. मागाहून कोणीतरी फिरून रंगवलेली किती, कोरी किती हे मोजतं. शंभरात सत्तर रंगवलेली दिसायला हवीत.

सत्तरच का? एक पिसाळलेलं कुत्रं सरासरी दोनपेक्षाही कमी कुत्र्यांना रोग देतं. त्या हिशोबानं निम्म्या कुत्र्यांना लस दिली तरी साखळी तुटायला हवी. पण रस्त्यावरचं कुत्रं फार जगत नाही. टोचलेली मरतात, नवी पिल्लं कोरीच जन्मतात आणि वर्षभरात संरक्षण ओसरत जातं. पुढची मोहीम येईपर्यंत ते पुरावं म्हणून सुरुवातच सत्तरपासून करायची.

2013 ते 2019 या काळात गोव्यातली ही मोहीम वर्षाला 95,000 हून अधिक कुत्र्यांपर्यंत पोहोचली. कुत्र्यांमधला रेबीज 92 टक्क्यांनी घटला, माणसांचे मृत्यू थांबले. 2021 मध्ये राज्य 'रेबीज नियंत्रित' जाहीर झालं. कुत्री मात्र रस्त्यावर होतीच!

'सगळी मारून टाका' म्हणणाऱ्यांचा राग मला समजतो. चावा ज्याला बसतो त्यालाच कळतो. पण मारताना टोचलेलीही मरतात आणि उकिरडा तसाच राहिला की मोकळ्या जागेत कोरी कुत्री येतात. निर्बीजीकरण हवंच, कानाला खाच असलेली कुत्री म्हणजे निर्बीजीकरण झालेली. मात्र त्यानं संख्या घटायला वर्षं लागतात. लस काही आठवड्यांत काम करते.

चावा बसलाच तर जखमेवर मिरची, चुना, हळद काही नको. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. विषाणूचं आवरण स्निग्ध असतं, साबणानं ते फुटतं. मग लगेच दवाखाना. पोटातली चौदा इंजेक्शनं कधीच इतिहासजमा झाली. आता लस दंडात देतात आणि जखम रक्ताळलेली असेल तर तिच्यात सीरम, म्हणजे विषाणूला अडवणारी तयार प्रतिपिंडंही.

गोव्याला टोचणी थांबवता येत नाही, कारण महाराष्ट्राच्या सीमेवर पत्रादेवीच्या नाक्यावर कुत्र्यांचे कागद तपासत नाहीत. सिंधुदुर्गात आणि बेळगावकडे सत्तर टक्क्यांचं गणित जमेपर्यंत सीमेवरच्या वाड्यांत दरवर्षी जाळी न्यावीच लागणार.