पाव सेकंदाची उधारी

वस्तादांनी खिशातून शंभराची नोट काढली आणि माझ्या मुलीला म्हणाले, "पकड. पकडलीस तर तुझी." नोट त्यांनी उभी धरली होती. मुलीचा अंगठा आणि बोट नोटेच्या बरोब्बर मध्यावर, दोन्हींमध्ये जेमतेम अर्ध्या इंचाची फट. वस्तादांनी नोट सोडली. बोटं मिटेपर्यंत ती मातीत पडलेली होती. असं सहा वेळा झालं. मग मी प्रयत्न केला, मग शिबिरातल्या आणखी चौघींनी, शेवटी स्वतःच्या झेलांचा फार अभिमान असलेल्या एका क्रिकेटवाल्या पोरानं. नोट वस्तादांच्याच खिशात परत गेली. "कळलं?" ते म्हणाले. "उद्यापासून तलवार."

गंगापूर रोडच्या पुढच्या एका मैदानावरचं हे उन्हाळी शिबिर. मी आले होते मुलीला सोडायला, आणि सोडून परत जायचं राहूनच गेलं. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे रात्री घरी हिशेब मांडल्याशिवाय झोप येईना. नवी शंभराची नोट 142 मिलिमीटर लांब असते. बोटं मध्यावर असली तर नोटेला 71 मिलिमीटर पडायचंय, आणि त्याला 0.12 सेकंद पुरतात. डोळ्यानं पाहून बोट हलवायला माणसाला साधारण 0.2 ते 0.25 सेकंद लागतात. म्हणजे वस्तादांचे शंभर रुपये न्यूटनच्या तिजोरीत होते. (नोट बहुधा आमच्या नाशिकरोडच्या छापखान्यातली असावी. तेवढंच समाधान.) तुम्हाला स्वतःचा वेळ मोजायचा असेल तर शाळेची 30 सेंटिमीटरची पट्टी घ्या, बोटं शून्याच्या खुणेशी धरा आणि कुणाला तरी न सांगता ती सोडायला सांगा. 20 सेंटिमीटरवर पकडलीत तर तुमचा वेळ 0.2 सेकंद.

हा उशीर मोजता येतो हेच एकेकाळी कुणाला पटत नव्हतं. मज्जातंतूतून संदेश इतक्या झटकन जात असणार की तो वेग मोजणं आपल्या आवाक्याबाहेरचं, असं योहानेस म्युलर या नामवंत शरीरशास्त्रज्ञाचं मत होतं. त्यांचाच विद्यार्थी हेल्महोल्ट्झ यानं 1850 साली बेडकाच्या पायाची नस घेऊन तो वेग मोजला. सेकंदाला 27 मीटरच्या आसपास भरला. आपल्या हाताच्या नसांत तो 50 ते 60 मीटर असतो, तेव्हा मेंदूपासून बोटापर्यंतच्या मीटरभर प्रवासाला फार तर 20 मिलिसेकंद लागतात. बाकीचा वेळ जातो डोळ्याच्या पडद्यावर आणि मेंदूच्या कारभारात: काय दिसलं, त्याचं काय करायचं, कोणत्या स्नायूला कळवायचं. जगाकडून आपण ही पाव सेकंदाची उधारी जन्मभर वागवतो.

आणि तलवारीचा हात पाव सेकंदात तुमच्यापर्यंत पोचू शकतो.

म्हणूनच पहिले चार दिवस वस्तादांनी वार शिकवलाच नाही. फक्त पवित्रा आणि अंतर. समोरच्याला एक पाऊल टाकल्याशिवाय आपल्याला गाठता येऊ नये, इतकं अंतर सतत राखायचं. हाताचं वजन किती आणि अख्ख्या देहाचं किती! पाऊल टाकायला देह हलवावा लागतो, देह जड असतो, आणि त्याला लागणारा जादा वेळ आपल्या उधारीत जमा होतो. वस्तादांना हे गणित सांगायला गेले तर म्हणाले, "ताई, वार हातातून निघत नाही, पायातून निघतो. पात्याकडं काय बघताय?"

यामागचं शास्त्र फार सुंदर आहे. उभ्या माणसानं हात झटकन पुढे उचलला तर त्याचा तोल जाईल. तो जाऊ नये म्हणून हात हलण्याच्या आधीच पायांचे आणि पाठीचे स्नायू आवळले जातात, आपल्या नकळत. सोव्हिएत संशोधकांनी 1967 साली हे नोंदवलं. म्हणजे हात काय करणार आहे याची चुगली पाय आणि कंबर आधीच करतात. मुरलेला खेळाडू पात्याची वाट पाहत बसत नाही, तो ही चुगली वाचतो. ताशी 140 किलोमीटरचा चेंडू फलंदाजापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत येतो, तेव्हा तोही गोलंदाजाच्या मनगटाकडे बघूनच अर्धा निर्णय घेऊन मोकळा झालेला असतो.

मग समोरचा खोटी चुगली करतो. तिला आपल्याकडे हूल म्हणतात. पर्याय वाढले की मेंदूला निर्णयाला जास्त वेळ लागतो, हे हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं 1952 साली दाखवलं होतं, पण हूल त्याहून पुढची लबाडी करते. एका हालचालीला उत्तर द्यायला निघालेला मेंदू लगेच आलेल्या दुसऱ्या हालचालीला रांगेत उभं करतो. डोक्यावरच्या खोट्या वाराला तुमची ढाल वर गेली की गुडघ्यावरच्या खऱ्या वारासाठी खिडकी उघडेपर्यंत उशीर झालेला असतो. माझा गुडघा आठवडाभर निळा होता, काठीनं.

जाता जाता वजनाबद्दल. लोक समजतात तलवार म्हणजे धूड. हातात घेतलेली चांगली तलवार किलोभराची, फार तर थोडी जास्त. तिचा तोल मुठीच्या पुढे काही इंचांवर सापडतो, त्यामुळे फिरवायला ती हलकी वाटते आणि थांबवायला जड. आणि तिचं वाकडं पातं कळायला संग्रहालयात जायची गरज नाही, घरची विळी पुरे. पिकलेला टोमॅटो पात्यावर नुसता दाबा, चेंदामेंदा होईल. तोच पात्यावरून ओढत न्या, अलगद फाक निघते. ओढत कापताना दाब खूपच कमी लागतो. लासलगावचा कांदा चिरताना आपण रोज हेच करतो. वाकड्या पात्यात हे ओढणं आपोआप होतं. आपल्या तलवारीच्या मुठीच्या टोकाला तबकडी असते, ती मनगट फार वाकू देत नाही, म्हणून वार खांद्यातून आणि कोपरातून ओढला जातो. पट्ट्यात तर कोपरापर्यंत लोखंडी खोळ. मनगट बादच, सगळं अंग फिरवावं लागतं. तोंडाचा पट्टा चालवणाऱ्यांना एवढी मेहनत पडत नाही.

शिबिर संपता संपता भाच्यानं शिवजयंतीच्या महानाट्यात मावळ्यांच्या गर्दीत उभं केलं आणि शिकलेलं सगळं उलटं झालं. पहिल्याच तालमीत मी झोकात वार केला आणि समोरच्या मुलाचा अंगठा सुजवला. मारामारी बसवणारा पंचविशीचा पोरगा शांतपणे म्हणाला, "आत्या, तुम्ही वार लपवताय. इथं दाखवायचा असतो."

खऱ्या लढाईत पाव सेकंद चोरायचा, रंगमंचावर तो उधळायचा. आधी नजरेला नजर. मग हात मागे नेऊन ठसठशीत तयारी. समोरचा आधी हलतो, आणि तो हलला हे पाहिल्यावरच वार सुटतो, तोही शरीराला टाळून, बाहेरच्या रेषेत. म्हणजे मार खाणाराच मारणाऱ्याला चालवत असतो. पात्यांना धार नसते, कडा गोलसर असतात, आणि रोज रात्री पात्यावर उठलेले खवले कानशीनं घासावे लागतात, कारण खरी जखम त्या खवल्यांनी होते. हे घासायचं काम कुणालाच आवडत नाही आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

प्रेक्षक फसतो कसा? त्याच्या मेंदूला आधीची तयारी दिसते, नंतरचं कळवळणं दिसतं, मधला घाव तो स्वतःच भरून काढतो. त्यावर खण्णकन आवाज बसला की खात्रीच. शेवटची रांग 30 मीटरवर असली तर तिथं आवाज सुमारे 0.09 सेकंद उशिरा पोचतो. पण एवढा फरक मेंदू सांभाळून घेतो, दोन्ही एकाच क्षणी घडलं असं धरून चालतो. उधारी इथं कामाला येते.

राहिला शिबिरातला घोडा. बागलाणात साल्हेरच्या पायथ्याशी 1672 साली मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं. तिथल्या घोडेस्वारांना तलवार आणि घोडा एकदमच सांभाळायचा होता. मला नुसता घोडा सांभाळेना.

मांड घट्ट हवी, असं आपण म्हणतो. शिबिरातला एक मल्लखांबवाला मुलगा या भरवशावर चढला. मांड्यांची पकड अशी की खांबही दबावा. घोडी थेट दुडक्या चालीवर निघाली. त्यानं घाबरून आणखी आवळलं, ती आणखी पळाली. पायाचा दाब म्हणजे पुढं चल, एवढंच तिला शिकवलेलं. बिचारीनं हुकूम पाळला. घोड्याला अंगावर बसलेली माशी कळते आणि तेवढीच कातडी तो थरथरवतो. मग पन्नास-साठ किलोच्या माणसाची आवळलेली पाठ त्याला कळणार नाही होय? हात हलण्याआधीची ती चुगली. तलवारबाज ती डोळ्यानं वाचतो, घोडा पाठीनं.

बर्लिनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हान्स नावाचा घोडा गणितं सोडवायचा, खूर आपटून उत्तर द्यायचा. फुंग्स्ट या संशोधकानं 1907 साली तपासलं तेव्हा निघालं की विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर ठाऊक नसेल तर हान्सही नापास होतो. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं किंचित हलायचं, तेवढं त्याला पुरायचं. गंमत म्हणजे हे सगळं कळल्यावरही फुंग्स्टला स्वतःची ती हालचाल थांबवता आली नाही.

शेवटच्या दिवशी चांदणी नावाच्या घोडीवर बसून मैदानाच्या टोकाला पोचले. डावीकडे वळायचं मनात आलं, लगामाला हात लावला नव्हता, तोच चांदणी डावीकडे वळली. साईसकाका लांबून म्हणाले, "तुम्ही तिकडं बघितलं ना, ताई." दुसऱ्या फेरीला मी मान ताठ ठेवली, नजर समोर. ती त्याच जागी डावीकडे वळली. सवय असेल, म्हणून तिसऱ्या फेरीत मनातल्या मनात उजवीकडे ठरवलं. चांदणी उजवीकडे वळली आणि सरळ पाण्याच्या हौदाशी जाऊन उभी राहिली.